गॅरेजला घाबरणारी जीप

बारामतीहून जळोचीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. आता त्यातला निम्मा भाग माझ्या मुलीच्या ताब्यात गेलाय. ती नव्या गाड्यांना स्कॅनर जोडते, पडद्यावर आलेला नंबर वाचते आणि गाडीचं दुखणं सांगते. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जुन्या गाड्या बघतो. गिऱ्हाइकं तिच्या बाजूला नवा दवाखाना म्हणतात आणि माझ्या बाजूला जुना. जुन्या दवाखान्यातले पेशंट आता मोजकेच उरलेत आणि डॉक्टर स्वतःच गुडघ्याला तेल चोळत बसलेला असतो.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहून द्या म्हणून निरोप आला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता तसंच लिहा, फक्त शिव्या गाळा." शिव्या गाळल्या तर लेखात उरणार काय, अशी मला धास्ती होती. तरी प्रयत्न करून बघतो. मी कधी शिकलो, गॅरेज कधी टाकलं, पहिली गाडी कोणती उघडली, या गोष्टींत माझ्या घरच्यांनाही रस नाही, तेव्हा तुम्हाला त्या सांगत बसत नाही. मी एका दुखण्याबद्दल लिहिणार आहे. ते दुखणं म्हणजे मिसिंग.

गाडीवाल्यांना मिसिंग माहीत असतं. बाकीच्यांसाठी सांगतो. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका उखळाभोवती मुसळं घेऊन उभ्या राहिलेल्या चार बायका. एकीचं वर, दुसरीचं खाली, असं ताल धरून कांडण चाललेलं असतं. त्यात एकीनं घाव चुकवला की ताल मोडतो आणि उरलेल्या तिघी वैतागतात. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हा घाव ठिणगीनं पडतो. डिस्ट्रिब्युटर म्हणून एक डबा असतो. त्याच्या डोक्यावरच्या काळ्या टोपीतून चार जाड वायरी चार प्लगना जातात आणि ज्याची पाळी असेल त्याला ठिणगी पोचते. ठिणगी चुकली, पेट्रोल कमीजास्त झालं किंवा हवा नको तिथून आत शिरली, की एक सिलिंडर गप्प बसतो आणि गाडी हिसके द्यायला लागते. आम्ही म्हणतो, गाडी मिसिंग मारते.

कोणता सिलिंडर गप्प आहे ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगची एकेक वायर काढून बघायची. कामाच्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन कण्हतं. आळशाची काढली तर त्याला पत्ताही लागत नाही. असा आळशी सापडला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तो आळशी का झाला, हे शोधणं. त्यात कधी दहा मिनिटं जातात, कधी महिना.

घरात काही हरवलं की पहिला संशय नव्या सुनेवर घेतात, तसा मिसिंगमध्ये पहिला संशय प्लगवर. मीही घेतो. पण प्लग बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. जळोचीतल्या एका गिरणीवाल्याच्या गाडीचे प्लग मी बदलून बदलून थकलो होतो. शेवटी एकदा गिरणीवर दळण न्यायला गेलो, तर गाडी गिरणीच्या आत, जात्याच्या शेजारी उभी. उन्हात रंग उडू नये म्हणून तो ती रोज आत लावायचा आणि गाडी हवेबरोबर जोंधळ्याचं पीठ खायची. त्याला सांगितलं, तर म्हणतो, "मिस्तरी, तरीच ती अशी जाड झाल्यासारखी चालती!" तेव्हापासून गाडी उन्हात उभी असते, आणि त्याच्या डोक्याला ताप नाही.

दुसरा एक पठ्ठ्या इंदापूरहून यायचा. गाडीला काय होतंय ते तो शब्दांत कधीच सांगायचा नाही. बाकड्यावर बसून अंगाला गचके द्यायचा, तोंडानं आवाज काढायचा आणि शेवटी मान टाकायचा. म्हणजे गाडी बंद पडली. चहावाल्याचं पोरगं ते बघायला मुद्दाम थांबायचं. हसण्याची गोष्ट सोडा, पण त्याचा आवाज ऐकून मला बिघाड ओळखता यायचा. कार्ब्युरेटर तुंबल्याचा आवाज तो फार छान काढायचा.

पण मिसिंगनं माझी खरी परीक्षा घेतली ती गेल्या हिवाळ्यात, भिवाआबांच्या जीपनं.

भिवाआबा निरवांगीचे. घर पूर्वी मेंढरं राखणारं. आबांचं तरुणपण कळपामागं चालण्यात गेलं. पुढं रानात ऊस आला, मेंढरं गेली आणि आबांनी एक जुनी पेट्रोल जीप घेतली. ती अजून त्यांच्याकडं आहे. पोरांनी मोटारसायकली बदलल्या, थोरल्या सोपाननं नवी मोटार घेतली, पण आबा जीपच चालवतात. वय झालं तरी नजर घारीची, हात स्थिर. शेजारच्या सीटवर हिराकाकी, त्यांची बायको. काकींचे दोन्ही गुडघे गेलेले. मोटारसायकलवर त्यांना बसता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. म्हणून आबांनी जीपच्या त्या बाजूला एक बुटकी लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतलेली आहे. त्या पायरीवरून काकी आठवड्याच्या बाजाराला वालचंदनगरला जातात. शेपू, मेथी, गावरान अंडी घेऊन ठरलेल्या जागी बसतात. माल दुपारपर्यंत संपतो, पण त्या संध्याकाळपर्यंत उठत नाहीत, कारण गप्पा संपत नाहीत. ही सगळी माहिती मला आबांनी मोठ्या तक्रारीच्या सुरात दिली होती.

तर गेल्या वर्षी थंडी सुरू झाल्यावर आबा जीप घेऊन आले. जीपला ताजा हिरवा रंग दिलेला, नुसती चकाकत होती.

"काय आबा, लगीन हाय का हिचं?" मी विचारलं.

"लगीन कसलं? घाबरा सुटलाय हिला. सकाळी बाजाराला निघालं की फाट्यापातूर हिसकं देती. परवा तर फाट्यावर आडवीच झाली. म्हागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला."

"आज येताना?"

"आज न्हाय. आज घरापासनं सुतागत आली."

मी बॉनेट उघडलं. इंजिन बाळाच्या गालासारखं स्वच्छ. चालू केलं, तर चारही सिलिंडर तालात. एकेक वायर काढली, प्रत्येक वेळी इंजिन कण्हलं. कोणीच आळशी नाही. जीप घेऊन रस्त्यावर लांब चक्कर मारून आलो. एक हिसका बसेल तर शपथ. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून प्लग बदलले आणि पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा हजर. बाजाराच्या सकाळी तसेच हिसके. "आणि आज येताना?" "आज न्हाय." मी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. कार्ब्युरेटर खोलून धुतला. त्याच्या पुढच्या खेपेला ठिणगीला जोर देणारी कॉइल बदलली, चारही वायरी नव्या घातल्या, डिस्ट्रिब्युटरची टोपीसुद्धा नवी बसवली. आता मिसिंगला लपायला जागाच उरली नव्हती. तरी आबा परत आले.

"मिस्तरी, एक सांगू का?" आबा बाकड्यावर बसत म्हणाले. "ही तुला भ्याती."

"मला?"

"व्हय. बाजाराला निघालं की नाटकं करती. गॅरेजला निघालं की शानी व्हती. तुजं नाव घेतलं की हिचा रोग पळतुया."

शेडमधली सगळी गिऱ्हाइकं हसली. मुलगी पलीकडून ओरडली, "बाबा, तुमचा एक फोटो द्या त्यांना. पुढच्या काचेला लावतील!" मीही हसलो, पण आतून चिडलो होतो. गाडी माणसाला भीत नाही, हे मला कळतं. पण बाजाराला जाताना मिसिंग मारणारी आणि त्याच घरातून, त्याच रस्त्यानं गॅरेजला येताना न मारणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. रात्री अंथरुणावर पडलो की माझ्या डोळ्यांपुढं ती काळी टोपी फिरायची.

मग एक दिवस सोपान एकटाच आला. त्यांचा थोरला. दूध संघाच्या गाडीवर असतो, पहाटेच घराबाहेर पडतो. स्वभावानं सरळ, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "मामा, जीप आता ठीवायची न्हाय. भंगारवाल्याला सांगितलंय. ह्या बाजारानंतर तो येऊन नेतुया."

"आबा तयार झाले?"

"त्यांनी जेवान सोडलं एक दिस. पर मी काय करू? परवा पुन्यांदा फाट्यावर बंद पडली. ट्रॅक्टरवाल्यानं कसा ब्रेक दाबला त्याचं त्यालाच ठावं. ट्रॉली आडवी व्हता व्हता ऱ्हायली. मामा, आई बसती ना त्या बाजूला."

ऊस भरलेली ट्रॉली थांबवायची म्हणजे खेळ नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तो उठताना म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय आमचा. तुमी लई केलंसा." ते ऐकून मला जास्तच लागलं. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट दोन घालून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी आबा आले, तर बरोबर काकीही होत्या. काकी गॅरेजला पहिल्यांदाच येत होत्या. त्या पायरीवरून सावकाश उतरल्या, शेडकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तूच व्हय तो, ज्याला आमची जीप भ्याती?"

"मीच काकी. पर माझा काय उपेग हुईना."

"बग बाबा. पोराचं चुकत न्हाय. तो म्हनतो, आई, मी माझ्या गाडीतनं नीन तुला. पर तो पहाटं जातो ते सांच्याला येतो. कवा नेनार? ही गेली की मी घरातच. बाजारात माज्या जागंवर दुसरी कुनी बसंल. माल न्हाय इकला तरी चालतंय रं. पर बायका इचारत्यात, हिरा कुठं हाय म्हून."

आबा दुसरीकडं बघत होते. मी त्या दोघांना चहा पाजला आणि पुन्हा एकदा बॉनेट उघडलं. आत सगळं स्वच्छ, सगळं ठणठणीत. मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं काय झालंय. सगळं सांगितलं. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण तिचे वडील वैद्य होते. ती भाकरी उलटताना म्हणाली, "माणूस दवाखान्यात गेला की ताप उतरतो, हे नवीन आहे का? आमचे अण्णा अशा पेशंटच्या घरी जाऊन बसायचे. काय खातो, कुठं झोपतो बघायचे. तुम्ही बाजाराच्या आदल्या दिवशी निरवांगीला मुक्कामाला जा की."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. गिरणीवाल्याची गाडी मला गिरणीत गेल्यावरच कळली होती, तरीही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी निरवांगीला गेलो. आबांना सांगितलं, "मी न्हाय असं समजा. उद्या बाजाराला जाताना रोज जे करता तेच करायचं. एक गोष्ट वाढवायची न्हाय, एक कमी करायची न्हाय." काकींनी मटणाचा बेत केला होता. पाहुण्याला 'नाही' समजायची त्यांची ही पद्धत मला आवडली. पोटभर जेवलो आणि पडवीत आडवा झालो. जीप समोर अंगणात, माझ्या नजरेच्या टप्प्यात उभी होती.

पहाटे थंडीनंच जाग आली. नदीकडून धुकं आलं होतं. उसावर, छपरावर, जीपवर सगळीकडं दव. उजाडायला अजून वेळ होता. घरात दिवा लागला, आबांनी आंघोळ केल्याचा आवाज आला. मग ते बाहेर आले. अंगावर धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं, हातात एक कापडी पिशवी. जीपपाशी जाऊन त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि बॉनेट उघडलं.

मी पांघरुणातून बघत होतो. आबांनी पिशवीत हात घातला. मूठभर भंडारा काढला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर चोळला. चांगला जाड, कपाळाला लावतात तसा. मग चारही वायरींच्या मुळाशी, मग कॉइलच्या तोंडाला. शेवटी उरलेली चिमूट वरून उधळली.

मी ताडकन उठून बसलो, पण तोंड बंद ठेवलं. आबांनी जीप चालू केली. दोन मिनिटं बरी चालली असेल. मग एक हिसका, मग दुसरा, आणि मग ती लंगडायलाच लागली. मी अनवाणीच पळत गेलो आणि उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्या अंधारात मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. पिवळ्या झालेल्या टोपीवरून निळ्या बारीक ठिणग्या सरपटत खाली लोखंडावर उतरत होत्या. हळद, इंजिनाचं तेल आणि वरून दव, यांचा टोपीवर लेप झाला होता. प्लगकडं जायची ठिणगी त्या ओल्या लेपावरून वाट काढून भलतीकडंच पळत होती. दिवस वर आल्यावर, इंजिन तापल्यावर तो लेप वाळत असणार आणि वालचंदनगर येईपर्यंत जीप शहाणी होत असणार.

"आबा, बंद करा!" मी ओरडलो.

आबांनी बंद केली. तोवर हिराकाकीही बाहेर आल्या होत्या आणि कामावर निघालेला सोपानही थांबला होता.

"आबा, हे भंडारा लावायचं कवापासनं चाललंय?"

"भंडारा व्हय? तो तर पहिल्यापासनं लावतुया. पर आदी बॉनेटवर लावायचो. औंदा रंग दिला, तवा रंगवाला म्हनला, आबा, रंग कच्चा हाय, वर कायबी चोळू नका, डाग पडंल. मग म्हनलं, आतून लावू."

"पर आत एवढी जागा हाय. नेमका हितंच का?"

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की एवढ्या वर्षांचा मिस्तरी आणि हे कळत नाही. "कळपात मेंढरं कितीबी असू दे. निघायच्या टायमाला भंडारा सगळ्यांस्नी लावत न्हाईत. म्होरक्या मेंढ्याला लावायचा. तो नीट चालला की कळप नीट चालतो. हितं चार वायरी जिथनं निघत्यात, तो हिचा म्होरक्या. व्हय का न्हाय?"

चूक कुठं काढायची? टोपी म्हणजे इंजिनाचा म्होरक्याच, हे मी कोणालाही शिकवलं असतं तर याहून चांगलं शिकवता आलं नसतं.

"मग मला एकदाबी भंडारा कसा दिसला न्हाय? तुमची गाडी तर दर खेपेला लखलखीत असायची."

आता काकी पुढं आल्या. "गॅरेजला जायच्या आदल्या सांच्याला मी पुसून घेती की. पदरानं. आन् त्या दिशी ह्यांस्नी लावू देत न्हाय. तुमचं तेलाचं, ग्रीसचं हात भंडाऱ्याला लागायचं. झाडून पायदळी यायचा. ते बरं का? पुसून तुळशीत घालती."

म्हणजे गॅरेजला येताना जीपवर भंडारा नाही, म्हणून मिसिंग नाही. बाजाराला जाताना भंडारा, म्हणून मिसिंग. आणि मिसिंग वाढलं की आबा देवाला आणखी साकडं घालून आणखी जाड थर देणार. जीपला माझी भीती कधीच वाटत नव्हती. माझ्या ग्रीसच्या हातांची भीती काकींना वाटत होती.

मी कपडा घेतला, आबांची परवानगी घेतली आणि भंडारा काकींच्या पदरात नीट उतरवून दिला. मग टोपी, वायरी, कॉइल कोरडं करून पुसलं. "सोपान, तू बस चालवायला," म्हणालो. "तुझी खात्री पटली पायजे."

सोपान आणि मी त्याच धुक्यातून निघालो. वस्तीचा रस्ता, ओढा, चढ, कुठंही हिसका नाही. फाट्यावर, जिथं जीप दोनदा बंद पडली होती तिथं सोपाननं मुद्दाम गाडी थांबवली. बंद केली. पुन्हा चालू केली. पहिल्या चावीला चालू. लांबून एक उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याला जाऊ दिलं आणि मग सोपाननं गिअर टाकून एकदम मोठ्या रस्त्यावर घेतली. जीप अशी उठली की मलाच दांडा धरावा लागला. पुढं जाऊन त्यानं वळवली, तीच गंमत आणखी दोनदा केली. मग कडेला घेऊन खिशातून फोन काढला.

"तात्या, भंगाराचं राहू दे," त्यानं फोनवर सांगितलं. "न्हाय, न्हाय. दुसऱ्याला न्हाय दिली. ठीवतोय." फोन ठेवल्यावर त्यानं उगीचच आरसा पुसला. मला इतकं बरं वाटलं की त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

परत आलो तेव्हा उजाडलं होतं. आबा अंगणात होते तिथंच उभे होते, पिशवी हातात. सोपाननं जीप त्यांच्यापुढं आणून थांबवली. "आबा, चांगली चालती. ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," एवढंच म्हणाला. आबांचा चेहरा खुलायला हवा होता, पण खुलला नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मिस्तरी, खरं सांग. म्हंजी माझ्याच हातानं व्हत हुतं? भंडाऱ्यानं?"

मी गडबडलो. या हातांनी आयुष्यभर भंडारा लावला होता. तो लावल्यामुळं ट्रॉली बायकोच्या अंगावर येणार होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी म्हणालो, "भंडाऱ्यानं न्हाय आबा. दव पडतंय त्याच्यावर, त्यानं."

"दव काय औंदाच पडतंय व्हय? मला येडा समजू नगंस." मग जीपकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बॉनेटवर रंगाला चालत न्हाय. आत ठिणगीला चालत न्हाय. मग लावू कुठं? न लावता हिला कवा बाजाराला न्हेली न्हाय मी."

मी म्हणालो, आरशाला लावा, दरवाजाला लावा, खाली स्प्रिंगच्या पाट्याला लावा. आबा प्रत्येकाला मान हलवत होते. "तो म्होरक्या न्हवं," म्हणायचे. सोपान घड्याळ बघत होता, पण त्याचा पायही हलत नव्हता. एवढ्यात काकी मेथीच्या जुड्या आणि अंड्यांची पाटी मागं ठेवून, आपल्या लोखंडी पायरीवर पाय देऊन, दांड्याला धरून सीटवर चढल्या. पदर सारखा केला आणि रस्त्याकडं तोंड करून बसल्या.

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. मग पिशवीत हात घालत जीपला वळसा घालून त्या बाजूला गेले. चप्पल काढली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाले आणि मूठभर भंडारा काकींच्या कपाळाला लावला. चांगला जाड, भुवईपासून केसांपर्यंत.

"अवं!" काकी दचकल्या. "पोरगं बगतंय! मिस्तरी बगतुया!"

"बगू दे," आबा म्हणाले. "हीच म्होरकी. गाडी आजपातूर हिच्याच म्हागं चाललीया, मला आत्ता कळलं."

सोपान धुक्याकडं तोंड करून हसत होता. मी हसत होतो आणि डोळेही पुसत होतो. काकींनी पदराला हात घातला, मला वाटलं आता पुसणार. पण त्यांनी कपाळाला बोट लावून बघितलं आणि पदर पुन्हा खांद्यावर टाकला.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "माज्या जागंवर कुनीतरी बसंल."